प्रेझेंटेशन पाचव्या स्लाईडलाच बसतंय? आधी हे तपासा, मग फाईलला हात लावा

गेली दहाएक वर्षं माझ्याकडं लोक एकच तक्रार घेऊन येतायत. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) क्वालिटी डिपार्टमेंटला होतो तेव्हापासनं हे सुरू झालं. आधी आपल्याच डिपार्टमेंटची पोरं यायची, मग त्यांचे मित्र, मग इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं, आता तर बचत गटाच्या ताई आणि गावाकडच्या पाणीपुरवठा संस्थेचे सचिव पण येतात. सगळ्यांचं एकच, "सर, माहिती सगळी आहे, रात्र रात्र बसून केलंय, पण लोक ऐकतच नाहीत." आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपलं इंग्लिश कच्चं आहे, आवाज बारीक आहे, नाहीतर स्लाईड दिसायला भारी नाहीत. मी जेवढी बघितली त्यातल्या बहुतेकांचा दोष तिथं नव्हताच. दोष मांडणीत होता आणि तो फिरून फिरून तोच निघतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवतोय.

आधी लक्षणं बघून घ्या, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कळेल.

- पहिल्या दोन-तीन स्लाईडला लोक बघतात, पाचव्या-सहाव्याला मोबाईल बाहेर येतात.
- साहेब मधेच म्हणतात, "ते राहू दे, मुद्द्यावर ये."
- वेळ संपत येते आणि शेवटच्या सात-आठ स्लाईड सर्रकन पुढं ढकलाव्या लागतात, आणि नेमकं महत्त्वाचं त्यातच असतं.
- संपल्यावर "छान झालं" म्हणतात आणि उठून जातात. निर्णय काही होत नाही.
- जे तुम्ही आठव्या स्लाईडला सांगितलं तेच शेवटी कुणीतरी प्रश्न म्हणून विचारतं.
- किंवा सरळ विचारतात, "बरं, मग आम्ही काय करायचं?"

यातली दोन लक्षणं जरी जुळली तरी खालच्या क्रमानं जा. क्रम मुद्दाम सोप्याकडनं अवघडाकडं लावलाय. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, वेळ पण पाच-दहा मिनिटंच, आणि निम्म्या लोकांचं काम तिथंच होऊन जातं. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारू नका.

हॉल आणि मशीन

मांडणीचा संशय घ्यायच्या आधी लोकांना दिसतंय आणि ऐकू येतंय का ते बघा. कारण मागच्या रांगेला अक्षरच लागत नसेल तर मांडणी कितीही चांगली असू दे, ते मोबाईलच काढणार, आणि तुम्ही घरी येऊन चांगली चाललेली मांडणी उगीच मोडून टाकणार. लॅपटॉपवर स्लाईड फुल स्क्रीन लावा, सात-आठ पावलं मागं जा, तिथनं न ताणता वाचता आलं पाहिजे. नाही आलं तर अक्षर मोठं करायच्या आधी शब्द कमी करा.

मराठीत स्लाईड असतील तर अजून एक. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं तुमच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित दिसतं आणि दुसऱ्याच्या मशीनवर गेलं की सगळी गिचमीड होते, कारण तो फॉन्ट तिथं नसतो. युनिकोडमध्येच (मोबाईलवर मराठी टाईप होतं त्या पद्धतीनं) टाईप करा आणि पेनड्राइव्हमध्ये त्याच फाईलची पीडीएफ पण ठेवा. केबल जोडून पण पडद्यावर काही येत नसेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. एवढं झालं की पुढं.

एक वाक्य

फाईल बंद करा. कागद घ्या आणि हे वाक्य पूर्ण करा: "हे ऐकल्यावर अमक्यांनी अमुक करावं, कारण अमुक." बास, एकच वाक्य. "माहिती देणे" हे चालणार नाही, "जागृती करणे" पण चालणार नाही, समोरच्या माणसानं खोलीतनं बाहेर पडल्यावर काय करायचं ते आलं पाहिजे. सही करायची, पैसे मंजूर करायचे, ठराव करायचा, उद्यापासनं मोजमाप लिहायचं, काहीही.

माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ जणांना हे वाक्य पहिल्या झटक्यात लिहिता येत नाही, आणि तिथंच खरा आजार सापडतो. आपल्यालाच माहीत नाही आपल्याला काय पाहिजे, मग आपण सगळंच सांगत बसतो, आणि सगळं सांगितलं की ऐकणाऱ्याला त्यातनं निवडत बसावं लागतं. तो कशाला निवडेल? त्याला दुसरी पण कामं आहेत. वाक्य लिहून झालं की घरात ज्याचा या विषयाशी काही संबंध नाही अशा माणसाला वाचून दाखवा. त्यानं "बरं मग?" म्हटलं तर वाक्य अजून झालेलं नाही. "किती लागतील?" किंवा "आधी का नाही केलं?" असं काही विचारलं तर समजा जमलं.

फक्त टायटलं वाचा

आता फाईल उघडा आणि प्रत्येक स्लाईडचं फक्त वरचं टायटल मोठ्यानं वाचत जा, खालचं काही वाचायचं नाही. जर असं ऐकू आलं, "प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, आभार", तर ही कुठल्याही विषयाची फाईल असू शकते. टायटलमध्ये वाक्य लिहा. "निरीक्षणे" काढा आणि "दुपारच्या पाळीत रिजेक्शन (नापास माल) सगळ्यात जास्त" असं लिहा. नुसती टायटलं सलग वाचून गोष्ट कळली पाहिजे.

हे का महत्त्वाचं ते नासाच्या कोलंबिया अवकाशयानाच्या उदाहरणावरनं कळतं. कल्पना चावला ज्या यानात होत्या ते कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना तुटलं, सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाला लागला होता. यान वर असतानाच इंजिनिअरांनी नासाच्या अधिकाऱ्यांना स्लाईड दाखवल्या होत्या. त्यातल्या एका स्लाईडचं टायटल वाचून वाटतं की चाचण्यांनुसार काळजी करण्यासारखं नाही. आणि त्याच स्लाईडच्या अगदी तळाला, बारीक उपमुद्द्यांत, लिहिलं होतं की लागलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यांपेक्षा खूपच मोठा आहे. आकडे पण होते: १९२० घन इंच आणि ३ घन इंच, म्हणजे ६४० पट! चौकशी मंडळानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या अहवालात या स्लाईडवर वेगळं लिहिलंय, की एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं ही वाचली आणि जिवावरचा प्रसंग आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही, तर ते समजण्यासारखं आहे. माहिती होती. चुकीच्या जागी होती. मी हे प्रत्येकाला सांगतो, कारण "स्लाईडवर लिहिलं होतं की" हे उत्तर मला रोज ऐकायला मिळतं.

पहिली दोन मिनिटं

मोबाईलवर स्वतःची पहिली दोन मिनिटं रेकॉर्ड करा. त्यात स्वागत, मान्यवरांची नावं, संस्थेची स्थापना, "आज मी तुमच्यासमोर जो विषय मांडणार आहे तो म्हणजे" एवढंच असेल तर ते काढा. मान्यवरांचं नाव घ्यायचं तर घ्या, एका श्वासात घ्या, आपल्याकडं ती रीत आहे आणि ती पाळावीच. पण त्यानंतरचं पहिलं वाक्य कामाचं पाहिजे. लोक सगळ्यात जास्त लक्ष सुरुवातीला देतात आणि आपण नेमकी तीच वेळ त्यांना माहीत असलेल्या गोष्टी सांगण्यात घालवतो.

क्रम

आता जरा वेळ काढा, कारण माझ्याकडं आलेल्या पुष्कळ फाईलींची खरी दुरुस्ती इथं झालीय. चूक एकच असते: आपण ज्या क्रमानं काम केलं त्याच क्रमानं सांगतो. आधी डेटा गोळा केला म्हणून आधी डेटा, मग चाचण्या केल्या म्हणून चाचण्या, शेवटी कारण सापडलं म्हणून कारण शेवटी. आपल्याला ते बरोबरच वाटतं, कारण आपण त्या वाटेनं चालून आलोय. ऐकणारा त्या वाटेनं आलेला नाही.

कोल्हापुरात खासबागेतलं कुस्तीचं मैदान बघितलंय ना? शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं. तिथं आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या लागतात, मग मधल्या गटाच्या, आणि एक नंबरची कुस्ती शेवटी. लोक ऊन-धूळ अंगावर घेत बसतात, कारण शेवटी कोण कोण लढणार हे पोस्टरवर आधीच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि ते त्याच्यासाठीच आलेले असतात. आपण ऑफिसात शेवटची कुस्ती शेवटी ठेवतो, पण पोस्टर लावायचं विसरतो. मग माणसं बारक्या कुस्त्यांतच उठून जातात, चूक त्यांची नाही.

कीर्तनकार काय करतो बघा. अभंग पहिल्यांदाच पूर्ण म्हणतो. मग एकेक चरण घेऊन सोडवत जातो, दाखले देतो, कथा लावतो, आणि फिरून त्याच चरणावर येतो. कुठं जायचंय हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या मंडपाला माहीत असतं, तरी दोन तास कुणी हलत नाही.

एक उदाहरण अगदी जवळनं सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला, फाउंड्रीत क्वालिटीला आहे, चौतीस स्लाईड, मालकांसमोर वीस मिनिटं. विषय ब्लो होल. फाउंड्रीतल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: साच्याच्या वाळूत, म्हणजे सँडमध्ये, ओल जास्त झाली की वितळलेल्या धातूचा रस ओतताना तिची वाफ होते, वाफेला निघायला वाट मिळाली नाही की ती कास्टिंगमध्येच, म्हणजे ओतलेल्या मालातच, अडकते आणि भोक राहतं. त्याच्याकडं सँड परत वापरताना पुरेशी थंड होत नव्हती, गरम सँडमध्ये ओल कधी जास्त कधी कमी, कंट्रोलच राहत नव्हता. उपाय त्यानं शोधला होता, सँड कूलर, म्हणजे सँड थंड करायचं मशीन. आणि तो होता एकतिसाव्या स्लाईडला!

मी त्याला सगळ्या स्लाईडचे हाताएवढे प्रिंट काढायला लावले आणि आम्ही ते घरात फरशीवर मांडले. मग त्याला म्हटलं, तू मालक आहेस, तुझं घड्याळाकडं लक्ष आहे, यातला पहिला कुठला कागद उचलशील? तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग उठून त्यानं एकतिसावा उचलला आणि दाराजवळ नेऊन सगळ्यांच्या पुढं ठेवला. मी काही बोललोच नाही. त्यानंतर त्याचं त्यालाच सुचत गेलं. दुसरा कागद, आज किती पैशाचा माल परत भट्टीत जातो. तिसरा, गरम सँड आणि ब्लो होल यांचा संबंध दाखवणारा एकच आलेख. चौथा, कूलर न घेता काय काय करून बघितलं आणि ते का पुरलं नाही, कारण मालक तेच विचारणार हे त्याला माहीत होतं. पाचवा खर्च आणि तो किती दिवसांत फिटेल. सहावा, आज फक्त कोटेशन मागवायची परवानगी द्या. राहिलेले अठ्ठावीस कागद त्यानं गोळा करून रबर लावलं आणि ते शेवटी जोडले, "विचारलं तर" म्हणून. मीटिंगमध्ये त्यातल्या दोनच स्लाईड उघडाव्या लागल्या, असं त्यानं नंतर सांगितलं.

लॅपटॉपवर पण हे करता येतं, सगळ्या स्लाईड एकत्र दिसतात तो स्लाईड सॉर्टर उघडून. पण फरशीवर कागद हलवताना हात जरा मोकळा चालतो, मला तरी तेच बरं वाटतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. ऐकणारे आधीच तुमच्या विरोधात असतील तर उपाय पहिल्यांदा सांगू नका. पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदांपुढं उभं राहून पहिलंच वाक्य "सगळ्यांनी उसाला ठिबक करा" असं टाकलं की पुढचं कुणी ऐकत नाही, खर्चावरच गाडी अडकते. तिथं त्यांना मान्य असलेल्या गोष्टीनं सुरू करा: "उन्हाळ्यात शेवटच्या टोकाच्या रानाला पाण्याची पाळी कधी मिळाली?" माना हलल्या की मग एकेक पाऊल. पण तिथं पण पोस्टर लावायचंच, "आज पाण्याच्या पाळीवर तोडगा ठरवायचाय" एवढं तरी सुरुवातीला सांगायचंच.

आकडे

हे पटकन सांगतो. नुसता आकडा ऐकून कुणाला काही होत नाही, त्याच्या शेजारी मापाची खूण पाहिजे. कोल्हापुरात पावसाळ्यात पंचगंगेच्या "राजाराम बंधाऱ्याला पाणी ४१ फूट" एवढं म्हटलं की पानपट्टीवरचा माणूस पण सावध होतो, कारण ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. बाहेरगावच्या माणसाला तोच ४१ ऐकवा, त्याला काहीच कळणार नाही. तुमच्या प्रत्येक आकड्यासाठी विचारा, याचे ३९ आणि ४३ कुठले? ते स्लाईडवर नसतील तर टाका. टाकता येत नसतील तर तो आकडाच काढा. एका स्लाईडवर एकच आकडा मोठा ठेवा, बाकीचे छापील कागदावर द्या.

घड्याळ

उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून एकदा पूर्ण बोला. मनातल्या मनात वाचलं तर वेळ नेहमी कमी भरते. वीस मिनिटं मिळाली असतील तर पंधरा मिनिटांचं करा, कारण आधीचा वक्ता लांबतो, माईक खरखरतो, चहा येतो. आणि वेळ निम्मी झाली तर काय गाळायचं ते घरीच ठरवून ठेवा, स्टेजवर ठरवू नका. शेवटच्या स्लाईडचा नंबर पाठ ठेवा: स्लाईड शो चालू असताना नंबर टाईप करून एंटर दाबलं की थेट तिथं जाता येतं, मधल्या स्लाईड पळवत न्याव्या लागत नाहीत. कीबोर्डवरचं बी (B) दाबलं की पडदा काळा होतो, प्रश्नाला उत्तर देताना हे फार उपयोगाचं, लोक तुमच्याकडं बघतात.

समोर कोण आहे

ही सगळ्यात अवघड तपासणी, कारण यासाठी घराबाहेर पडायला लागतं. ऐकणाऱ्यांपैकी एकाला आधी जाऊन भेटा, नाही जमलं तर फोन करा, आणि विचारा, "या विषयात तुम्हाला काय अडचण वाटते?" एवढंच. आपण घरी बसून जी अडचण धरलेली असते आणि त्यांची जी खरी अडचण असते त्यात पुष्कळ फरक निघतो.

कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एका बचत गटाच्या ताई बँकेपुढं बोलणार होत्या, कर्जासाठी. फाईलभर मसाल्याची चव, मिरचीचे प्रकार, ब्याडगी कशासाठी, लवंगी कशासाठी, फोटो तर इतके सुंदर. मी म्हटलं, ताई, आधी बँकेच्या साहेबांना भेटून या. आल्या त्या वेगळंच घेऊन आल्या. साहेबांना चवीबद्दल शंकाच नव्हती, त्यांच्या घरात तोच मसाला होता. त्यांची शंका अशी की मिरची उन्हाळ्यात एकदम घ्यायची, मसाला वर्षभर थोडा थोडा विकायचा, मग पहिल्या महिन्यापासनं हप्ता कुठनं भरणार? ताईंकडं याचं उत्तर वहीत लिहिलेलं होतं, कुठल्या महिन्यात किती किलो जातो ते सगळं, गणपती-दिवाळीसकट. फक्त ते स्लाईडमध्ये नव्हतं, कारण त्यांना वाटलं वहीतलं काय दाखवायचं. आम्ही त्या वहीच्या पानाचाच फोटो काढून तिसऱ्या स्लाईडला लावला. इथं चव, फोटो, फॉन्ट कशानंच काम झालं नसतं.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

वरचं सगळं करून पण जमत नसेल तर अजून स्लाईड हलवत बसू नका. दोष दुसरीकडं आहे.

बोलायच्या नुसत्या विचारानं चार-चार दिवस झोप लागत नसेल, छातीत धडधडतं, घाम फुटतो, त्यापायी तुम्ही कामं टाळायला लागलाय, तर तो मांडणीचा प्रश्न नाही. समुपदेशकाकडं किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, यावर चांगले उपचार आहेत आणि यात लाजण्यासारखं काही नाही. "सवयीनं जाईल" म्हणून पोरांना स्टेजवर ढकलू नका, मी सुरुवातीला एकाला असं ढकललं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आवाज बसलेला तीन-चार आठवडे सुटत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हळद-दूध घेत महिने काढू नका.

आकड्यांवरच तुमचा स्वतःचा विश्वास नसेल तर थांबा. हिशोब असेल तर सीएकडं, चाचणी असेल तर ज्यानं केली त्याच्याकडं जा. चुकीचा आकडा चांगल्या मांडणीत बसवला तर तो जास्त नुकसान करतो. करार, टेंडर, जमीन असा विषय असेल तर बोलायच्या आधी वकिलाला स्लाईड वाचू दे.

दोन साहेब, दोघांना दोन वेगळे निर्णय पाहिजेत, आणि तुमचं ते एक वाक्य काही केल्या होत नाही, असं असेल तर तो वाद तुम्ही स्लाईडवर सोडवू शकत नाही. जाऊन विचारा की नक्की काय पाहिजे. आणि मोठ्या हॉलचा साऊंड बिघडला तर मिक्सरला हात लावू नका, साऊंडवाल्याला हाक मारा.

उद्या सकाळी दहालाच प्रेझेंटेशन आहे आणि आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, असा फोन मला दर आठवड्याला येतो. तेव्हा नवीन स्लाईड करायची नाही, रंग बदलायचे नाहीत. एक वाक्य लिहा, ते पहिल्या स्लाईडला टाका, तेच शेवटच्या स्लाईडला टाका, मधल्या ज्या स्लाईडचा त्या वाक्याशी संबंध नाही त्या उचलून मागं न्या, पीडीएफ काढा आणि झोपा.